आधी आकडा, मग डबा

नागपूरच्या एका पोराकडून मी रॉयल एनफिल्डची जुनी हिमालयन घेतली तेव्हा तिचा सायलेन्सर आधीच बदललेला होता. गाडी ४११ सीसीची, २०२१ चं बीएस-६ मॉडेल. इंजिन धडधाकट, टायर बरे, कागद साफ. मूळ सायलेन्सरही त्यानं सोबत दिला. ब्रॅकेटजवळ गंजून भोक पडलेला. तो मी खताच्या चुंगडीत बांधून कोठ्यात टाकला. नवा सायलेन्सर वजनानं बराच हलका आणि आवाज भारदस्त. मला आवडला. हे सरळ सांगतो, कारण पुढचं सगळं वाचताना कुणी म्हणेल, एवढा खटाटोप करण्यापेक्षा कंपनीचाच नवा सायलेन्सर आणून लावायचा होता. तो पर्याय शेवटपर्यंत समोर होता. किंमत विचारली आणि बाकीचे पर्याय आधी पाहायचं ठरवलं.

माझं गाव वरुड तालुक्यात. संत्र्याची बाग गावापासून सातेक किलोमीटर, त्यातला निम्मा रस्ता पांदण. महिन्यातून एखादी अमरावती, कधी काटोलवरून नागपूर, आणि थंडीत परतवाड्यावरून मेळघाट. म्हणजे गाडी पहिल्या-दुसऱ्या गियरवर चिखलात रांगते, हायवेवर ऐंशीनं पळते आणि चिखलदऱ्याच्या घाटात मागे माणूस बसवून चढते. रेस लावायची कुठेच नाही. ट्यूनिंगच्या गोष्टी जिथे जिथे ऐकल्या तिथे मात्र सगळे एकच विचारत होते, पॉवर किती वाढते?

माझी तक्रार पॉवरची नव्हतीच. ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून फटफट फटाके फुटायचे. अडीच-तीन हजार आरपीएमला हलक्या हातानं गाडी धरली की ती क्षणभर अडखळायची आणि मग एकदम उचलायची. पांदणीत हे फार त्रासाचं, कारण तिथं तेवढ्याच आरपीएमवर चालावं लागतं. एकदा समोरून शेजाऱ्याची बैलजोडी येत होती, मी ॲक्सिलरेटर सोडला, दोन फटाके वाजले आणि बैल बांधाला घासले. शेजारी काका काही बोलले नाहीत, नुसते पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी पारावर मात्र म्हणाले, "तुया गाडीच्या आवाजानं डुक्कर पयते बाप्पा. रोज रातच्याला एक चक्कर माया हरभऱ्यातून मारत जाय."

वरुडच्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. त्यांचं अर्धं आयुष्य जुन्या बुलेट आणि राजदूतवर गेलं आहे. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला ते हात लावतात, पण जरा अंतर ठेवून. मी म्हटलं, काका, ट्यूनिंगचा डबा (पेट्रोल कमी-जास्त करणारं इलेक्ट्रॉनिक खोकं) बसवायचा म्हणतो, कोणता घेऊ? त्यांनी गाडी सुरू केली, थंड सायलेन्सरच्या तोंडावर ओल्या फडक्याचा बोळा दाबला आणि जोडावर कान लावला. "पयले गॅस्केट पाय, मंग डब्बा घे." इंजिनापासून निघणारा बेंड पाइप आणि सायलेन्सर जिथं जुळतात तिथून फुसफुस ऐकू येत होती. साबणाचं पाणी टाकलं तर बुडबुडे. क्लॅम्पच्या कडेला काजळीचा काळा पट्टाही होता, तो मला धूळ वाटला असता.

जोड गळत असला की काय होतं, हे समजून घेण्यासारखं आहे. एक्झॉस्टमध्ये दाब सतत वर-खाली होतो. दाब घटतो त्या क्षणी फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. ॲक्सिलरेटर सोडल्यावर न जळलेलं थोडं पेट्रोल गरम पाइपात आलेलं असतं. त्याला ही ताजी हवा मिळाली की तिथंच पेटतं. तोच फटाका. गळती ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे असेल तर आणखी घोळ, कारण सेन्सरला बाहेरचाच ऑक्सिजन दिसतो, ईसीयूला (किती पेट्रोल सोडायचं ते ठरवणारा गाडीतला कॉम्प्युटर) वाटतं मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी आहे, आणि तो उगाच पेट्रोल वाढवतो. माझी गळती सेन्सरच्या पुढे होती, म्हणून फक्त आवाजावर भागलं. नवं गॅस्केट, नवा क्लॅम्प. निम्मे फटाके तिथंच संपले.

मग काकांनी सीट काढून एअर फिल्टर बाहेर घेतला. मागच्या मालकानं तोही बदललेला. धुऊन तेल लावून वापरायचा, जास्त हवा सोडणारा. नागपूरच्या डांबरावर ठीक असेल. आमच्याकडे मार्च ते जून पांदणीत घोट्यापर्यंत फुफाटा असतो आणि ट्रॅक्टरमागून गेलं तर पुढचं दिसत नाही. फिल्टरच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं तर बारीक माती हाताला लागली. ती माती पिस्टनकडे जाते. त्यामुळे हा निर्णय मी ट्यूनिंगच्या आधीच घेतला: कंपनीचा कागदी फिल्टर परत. मोकळा सायलेन्सर आणि मोकळा फिल्टर अशी जोडी असली की इंजिनात हवा जास्त जाते आणि ईसीयूचा मूळ हिशेब चुकायला लागतो. त्यातला एक भाग मूळचा केला की उरलेली दुरुस्ती लहान होते. डबे विकणारे हे सांगत नाहीत. त्यांच्या यादीत मोकळ्या फिल्टरसाठी वेगळा मॅप, म्हणजे किती पेट्रोल सोडायचं त्याचा तक्ता, असतो, आणि तो फिल्टरही तेच विकतात.

तिसरी गोष्ट डीबी किलरची. सायलेन्सरच्या तोंडात बसणारी, आवाज दाबणारी ही आतली नळी मागच्या मालकानं काढून सोबतच्या पिशवीत दिली होती. आमच्याकडे शेतीची लाइन आठवडाभर दिवसा, मग आठवडाभर रात्री असते. रात्रीच्या पाळीत साडेअकराला मोटर सुरू करायला बागेत जावं लागतं. आई म्हणायची, "कोनाच्या घरी ट्रॅक्टर सुरू झालं म्हनून मी उठून बसते." गल्लीतली कुत्री वेगळी. कायद्याचंही आहेच. १७५ सीसीवरच्या दुचाकीला आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली आवाज आणि धुराचे निकष मोडले तर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. लायसन्स तीन महिने जातं ते वेगळंच. राज्यातल्या कितीतरी शहरांत पोलिसांनी जप्त सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यावर रोलर फिरवले, त्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. डीबी किलर बसवला, स्क्रूला लॉकटाइट लावलं. आवाज घसरला, आणि मागचा दाब थोडा परत आल्यानं खालच्या आरपीएमला गाडी जरा नीट ओढू लागली असं मला वाटलं. वाटलं म्हणतो; मोजलं नव्हतं.

धुरातले घातक वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचंही इथंच सांगतो. काही गाड्यांत तो सायलेन्सरच्या पोटात असतो, काहींत बेंड पाइपात. सायलेन्सर बदलताना तो गेला की राहिला, हे आधी पाहावं. माझ्या गाडीत मागच्या मालकानं फक्त शेवटचा सायलेन्सर बदलला होता, बेंड पाइप मूळचाच होता आणि कन्व्हर्टर त्यात शाबूत. तो काढून सरळ पाइप टाकायचा सल्ला मला दोघांनी दिला. पीयूसीला काय कराल, असं विचारल्यावर दोघांचंही उत्तर एकच, "ते मॅनेज होते." मला मॅनेज करायचं नव्हतं.

एवढं झाल्यावर गाडी सत्तर टक्के सुधारली. उरलं ते थोडं अडखळणं आणि घाटात टॉप धरल्यावर, म्हणजे ॲक्सिलरेटर पूर्ण पिळल्यावर, इंजिन फार गरम झाल्यासारखा वास. आता खरा प्रश्न: पुढे काय निवडायचं?

पहिला पर्याय गावातच मिळाला. वायरिंग करणाऱ्या एका पोरानं सांगितलं, दोन रुपयांचा रेझिस्टर टाकतो, गाडी मस्त होते. इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान सांगणारा एक सेन्सर असतो. हवा थंड असली की ती दाट असते, म्हणून ईसीयू पेट्रोल वाढवतो. त्या सेन्सरच्या वायरीत रेझिस्टर टाकला की ईसीयूला हवा आहे त्यापेक्षा थंड वाटते आणि मिश्रण घट्ट होतं. तत्त्व खरं आहे. याच तत्त्वावर चांगले तयार प्लगही मिळतात. पण हा सेन्सर सरळ रेषेत चालत नाही. थंडीत त्याचा रेझिस्टन्स जास्त आणि तापमानाच्या प्रत्येक अंशाला भराभर बदलणारा, उन्हाळ्यात तो खाली येतो आणि बदल मंदावतो. एकच रेझिस्टर थंडीत थोडा फसवेल आणि मे महिन्यात प्रमाणाबाहेर. आमच्याकडे डिसेंबरच्या पहाटे ओलित करताना बोटं वाकत नाहीत आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. एवढ्या फरकात दोन रुपयांच्या तुकड्यावर इंजिन सोडायला मन झालं नाही. पोराला वाईट वाटू नये म्हणून त्याच्याकडून हॉर्नची वायर नीट करून घेतली.

दुसरा पर्याय फक्त पेट्रोल सांभाळणाऱ्या डब्यांचा. हा ईसीयू आणि इंजेक्टर यांच्या मधे बसतो. ईसीयू म्हणतो, इंजेक्टर इतके मिलिसेकंद उघड. डबा त्यात आरपीएम आणि थ्रॉटल (ॲक्सिलरेटर किती पिळलाय ते) पाहून काही टक्के मिळवतो किंवा काढतो. बेंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचा फ्युएलएक्स या जातीचा, आणि परदेशी डायनोजेटचा पॉवर कमांडरही मुळात याच कामाचा. तिसरा पर्याय, पेट्रोलबरोबर इग्निशनचं टायमिंगही, म्हणजे ठिणगी पडायची वेळही, हातात घेणारे डबे. रेस डायनॅमिक्सचाच पॉवरट्रॉनिक हा आपल्याकडचा माहीत असलेला. चौथा, मधे काहीच न घालता ईसीयूच उघडून त्यातला मॅप नव्यानं लिहायचा, म्हणजे फ्लॅश. आणि पाचवा पर्याय काहीच न करण्याचा, ज्याच्याकडे फार कमी लोक बघतात.

या पाचव्याची बाजू मला नागपूरच्या एका ट्यूनरनं समजावली. फोनवर मी सगळा इतिहास सांगितला तर तो म्हणाला, "दादा, आकडा किती आहे? आकडा नसेल तर मी काय सांगू? डबा विकायचा असता तर आत्ताच विकला असता." मला हा माणूस आवडला.

आकडे दोन प्रकारचे. पहिला घरी बसून मिळतो. बीएस-६ गाड्यांना सहा पिनांचा डायग्नोस्टिक कनेक्टर असतो. त्याला अडॅप्टर लावून ब्लूटूथचा साधा स्कॅनर जोडला की मोबाइलवर फ्युएल ट्रिम दिसते. ऑक्सिजन सेन्सर ईसीयूला सांगत असतो की मिश्रण पातळ आहे की घट्ट, आणि ईसीयू त्याप्रमाणे मूळ हिशेबात किती टक्के भर घालतो ती ही ट्रिम. अधिक पाच म्हणजे पाच टक्के पेट्रोल वाढवून देतो आहे. माझ्या गाडीत पन्नास-साठच्या वेगाला ती अधिक सहा-सातच्या आसपास फिरत होती. दहाच्या आत असेल तर ईसीयूच्या हातात अजून जागा आहे असं ढोबळमानानं समजतात. म्हणजे शांत चालवण्याच्या भागात सायलेन्सरचा फरक गाडीनं स्वतःच पचवला होता. जुन्या फिल्टरवर हा आकडा किती होता हे पाहायला आवडलं असतं, पण तेव्हा स्कॅनर नव्हता.

यातूनच ट्यूनरनं मला सगळ्यात उपयोगी गोष्ट सांगितली. गाडीचा मूळ सेन्सर अरुंद पट्ट्याचा असतो. मिश्रण बरोबर प्रमाणाच्या या बाजूला की त्या बाजूला, एवढंच त्याला कळतं. किती लांब, ते कळत नाही. म्हणून ईसीयू त्याचं ऐकतो ते फक्त गाडी स्थिर वेगात हलक्या हातानं चालते तेव्हा. टॉप धरला की सेन्सरकडे दुर्लक्ष करून तो आपल्या तक्त्यात लिहिलेलंच पेट्रोल टाकतो. आता हलक्या थ्रॉटलच्या भागात डब्यातून पाच टक्के वाढवलं तर काय होईल? सेन्सर म्हणेल घट्ट झालं, आणि ईसीयू पाच टक्के काढून टाकेल. पैसे खर्चून डबा आणि ईसीयू यांची रस्सीखेच लावून दिल्यासारखं. डब्याचा खरा उपयोग टॉपच्या भागात, जिथं ईसीयू आंधळा असतो. ज्यांनी डबा लावून "काहीच फरक नाही" म्हटलं आणि ज्यांनी "जबरदस्त फरक" म्हटलं, ते दोघंही खरं सांगत असतात. एक गाडी हळू चालवतो, दुसरा पिळतो.

टॉपच्या भागातला आकडा मोबाइलवर मिळत नाही, त्याला मिश्रण नेमकं किती पातळ किंवा घट्ट ते मोजणारा वाइडबँड सेन्सर लागतो. तो बसवायला पाइपात सेन्सर अडकवायला १८ मिलिमीटर आट्यांचा एक बॉस वेल्ड करावा लागतो. मूळ बेंड पाइपला भोक पाडायला मी तयार नव्हतो, म्हणून बाहेरच्या सायलेन्सरच्या पाइपावर तो घेतला. कन्व्हर्टरच्या मागे पडल्यामुळे आकडा जरा उशिरा हलतो, पण टॉप धरून काही सेकंद गेले की स्थिर होतो, आणि आपल्याला तोच हवा. काम झालं की तिथं बूच लावायचं. पुण्यात डायनोवर, म्हणजे गाडी जागेवरच रोलरवर पळवून मोजायच्या यंत्रावर, हेच आरामात झालं असतं, पण एका सायलेन्सरसाठी गाडी पुण्याला न्यायची म्हणजे फारच झालं. समृद्धीवर दुचाकीला बंदी. शेवटी पहाटे काटोल रोडचा एक मोकळा तुकडा धरला. तिसरा गियर, तीन हजारांपासून सहा हजारांपर्यंत टॉप, मागे ट्यूनरचा लॅपटॉप घेतलेला पोरगा माझ्या पाठीला चिकटलेला.

इथं पेट्रोलचा मुद्दा आला, आणि माझ्या मते सायलेन्सरपेक्षा तो मोठा आहे. आता पंपावर मिळतं ते ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनानं १४.७ पट हवा लागते; इथेनॉलला नऊ पट. त्यामुळे ई-२० ला ती साडेतेराच्या आसपास लागते, जुन्या ई-१० ला चौदाच्या थोडी वर. गाडी २०२१ ची, म्हणजे तिचा तक्ता ई-२० च्या आधीचा. सेन्सर जिथं चालतो तिथं ईसीयू हे सांभाळून घेतो. टॉपला मात्र तेवढंच पेट्रोल टाकलं तर मिश्रण तीन-चार टक्क्यांनी आणखी पातळ होतं. सायलेन्सर न बदललेल्या गाडीलाही हे लागू आहे. आणि म्हणूनच जुन्या लेखांत "टॉपला १३ चा आकडा ठेवा" असं वाचून ट्यून करू नये. १३ हा आकडा शुद्ध पेट्रोलला घट्ट आहे, ई-२० ला तो जेमतेम. ट्यूनर सगळं लॅम्ब्डात बोलत होता: बरोबर प्रमाण म्हणजे १, पेट्रोल कोणतंही असो. एकच्या वर पातळ, खाली घट्ट. टॉपला हवेवर थंड होणाऱ्या इंजिनासाठी ०.८६ ते ०.९० त्याला हवा होता.

माझा आला ०.९५, वरच्या आरपीएमला ०.९६. धोक्याची घंटा नाही, पण मे महिन्याच्या दुपारी दोन माणसं आणि सामान घेऊन घाट चढायला आरामाचाही नाही. थोडं जास्तीचं पेट्रोल जळताना इंजिनाची उष्णता कमी ठेवतं, आणि आमच्याकडे तेवढंच हवं असतं.

"काहीच करू नका असंही म्हणता येईल," ट्यूनर म्हणाला. "हळू चालवत असाल तर दहा वर्षं काही होणार नाही." मी चिखलदऱ्याचं नाव घेतलं. मग तो हसला.

पर्याय गाळायला फार वेळ लागला नाही. टायमिंगवाला डबा गेला. ई-२० चं ऑक्टेन जुन्या पेट्रोलपेक्षा जास्त आहे, त्यामुळे टायमिंग पुढे घ्यायला वाव आहे, हे मला पटतं. पण मेळघाटात आत गेलं की पंप सापडेलच असं नाही; कधी दुकानातून बाटलीतलं पेट्रोल घ्यावं लागतं आणि त्यात काय मिसळलंय ते दुकानदारालाही सांगता येणार नाही. तसल्या पेट्रोलवर पुढे घेतलेलं टायमिंग, पंचेचाळीस अंश आणि चढ, हे तिन्ही एकत्र आले की इंजिन ठोकायला लागतं. एक-दीड बीएचपीसाठी हा जुगार नको. मूळची चोविसेक बीएचपीची गाडी. तीत दीड बीएचपी वाढली तरी पांदणीत ती कुठं दिसणार?

ईसीयू फ्लॅशचा पर्याय मला मनापासून आवडला होता. वायरिंगला हात नाही, नवं खोकं नाही, पावसात भिजायला काही नाही, आणि जिथं हवा तिथंच तक्ता बदलता येतो. अडचण एवढीच की सर्व्हिस सेंटरला कधी सॉफ्टवेअर अपडेट केलं तर मॅप पुसला जातो, आणि परत लिहायला नागपूर गाठावं लागतं. शिवाय फ्लॅश करताना मधेच बॅटरी बसली किंवा केबल निघाली तर ईसीयूच मरण्याचा धोका असतो. जो नागपूर-पुण्यात राहतो, त्यानं माझ्या मते फ्लॅशच करावा. मी राहतो तिथून जवळचा लॅपटॉपवाला माणूस शंभरेक किलोमीटरवर आहे.

उरला फक्त पेट्रोलचा डबा. यात परत दोन जाती: काहींत बटण दाबून तयार मॅपांतला एक निवडायचा, काहींना लॅपटॉप जोडून हवा तो तक्ता भरता येतो. पैशाचा फरक आहेच. तयार मॅपवाला स्वस्त, पण तो कुणाच्या तरी दुसऱ्या गाडीवर, दुसऱ्या सायलेन्सरवर बनवलेला. मी लॅपटॉपवाला घेतला. पैसे जास्त गेले, आंबिया बहाराची उचल आली होती म्हणून जमलं. तक्ता अगदी साधा भरला. अर्ध्या थ्रॉटलच्या खाली सगळीकडे शून्य. त्याच्या वर हळूहळू चढत जात टॉपला अधिक सहा-सात टक्के. पोरगा विचारत होता, "खाली पण थोडं टाकू का, पिकअप येईल?" ट्यूनरनंच त्याला गप्प केलं.

परत काटोल रोड. टॉपला लॅम्ब्डा ०.८९. वरच्या टोकाला ०.९०.

खालचं अडखळणं मात्र तसंच होतं, आणि त्याला डब्याचा संबंधच नव्हता. थ्रॉटल बॉडी उघडली तर कडेला काळा थर. मोकळ्या फिल्टरच्या काळातलं तेल आणि धूळ. स्प्रेनं साफ केलं, थ्रॉटलच्या केबलचा ढिलेपणा काढला, अडखळणं गेलं. दोनशे रुपयांचं काम. ट्यूनिंग म्हणून लोक जे शोधतात त्यातलं बरंच असं साफसफाईत आणि गॅस्केटमध्ये असतं, असं मिस्त्रीकाकांना कळवलं तर ते म्हणाले, "मी कोनतं वेगळं सांगतलं होतं?"

खरी परीक्षा एप्रिलअखेरीस झाली. परतवाड्याहून दुपारी निघालो, मुद्दाम. मागे मेव्हणा, दोन बॅगा. चिखलदरा साधारण अकराशे मीटरवर आहे, पायथ्यापासून वर जाईपर्यंत हवा सात-आठ टक्क्यांनी विरळ होते. मला शंका होती की खाली भरलेले टक्के वर जास्त होतील आणि गाडी घुसमटेल. तसं होत नाही. हवेचा दाब आणि तापमान मोजून ईसीयू आपलं पेट्रोल आधीच कमी करतो, आणि डबा त्या कमी केलेल्यावरच टक्के लावतो. रेझिस्टरवाला उपाय तापमानाचा आकडाच खोटा करतो; इथं ईसीयूचं मोजमाप खरं राहतं, हाच फरक. वर पोचल्यावर तो जळका वास नव्हता, उष्णतेनं येणारा बेंड पाइपचा निळेपणा वाढला नव्हता. मेव्हण्याला यातलं काही कळलं नाही. त्याचं म्हणणं, सीट कडक आहे.

ॲव्हरेज पांदण-हायवे मिळून आधी तिशीच्या जरा खाली होतं, आताही तिथंच आहे. घाटात थोडं पडतं. हलक्या थ्रॉटलला हातच लावला नाही तर रोजचं ॲव्हरेज पडायचं कारण नाही. पीयूसी काढली, सहज पास झाली. ती चाचणी गाडी जागेवर उभी करून हलक्या आरपीएमला घेतात, आणि त्या भागात गाडी कंपनीच्याच हिशेबानं चालते. फटाके अधूनमधून एखादा, लांब उतारावर. बैल आता बिथरत नाहीत. डुकरंही बिथरत नाहीत, याची शेजारी काकांना खंत आहे.

हे असंच करू पाहणाऱ्यासाठी दोन गोष्टी उरतात. डबा सीटखाली बसतो आणि आमच्याकडे गाडी कोठ्यात उभी राहते, जिथं ढेप आणि सरकी असते, म्हणजे उंदीर असतातच. वायरीवर जाड स्लीव्ह चढवली, कनेक्टरमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस भरलं, आणि डबा उभा बसवला म्हणजे पावसाचं पाणी कनेक्टरच्या तोंडात साचणार नाही. दुसरं, डबा बसवताना मूळ वायर कापू देऊ नका. इंजेक्टरचा मूळ कनेक्टर आणि डब्याचा कनेक्टर प्लगनंच जुळले पाहिजेत. उद्या सेमाडोहच्या अलीकडे डबा मेला तर तो काढून इंजेक्टरचा मूळ प्लग परत लावायचा, आणि गाडी थोडी पातळ का होईना, चालत घरी येते. मी हे अंगणात अंधारात, टॉर्च तोंडात धरून एकदा करून पाहिलं. सीटची चावी आणि दहाचा पाना असला की जमतं.